चिन्ह नाही, म्हणजे काय?

मंडळी, थॅलिडोमाइड विकलं गेलं ते डाव्या-उजव्या दोन्ही रूपांचं मिश्रण म्हणून. आता हा रेणू 'स्माइल्स' लिपीत लिहू. कायरल कार्बनपाशी एक ॲट-चिन्ह दिलं, तर पहिल्या शेजाऱ्याकडून पाहताना बाकीचे लिहिलेल्या क्रमाने घड्याळाच्या उलट येतात. दोन दिली, तर घड्याळाप्रमाणे. आणि चिन्हच नसेल तर? हे मिश्रण, की रूप कोणतं ते ठाऊकच नाही? लिपी गप्प! आमचा आक्षेप इथंच आहे. मोल-फाइलच्या व्ही३००० आवृत्तीत त्यासाठी गट आहेत: 'आणि' म्हणजे दोन्ही रूपं हजर, 'किंवा' म्हणजे एकच, पण कोणतं ते अनिश्चित. साध्या स्माइल्समध्ये उतरवताना हा भेद पुसला जातो. औषधाच्या नोंदीत मिश्रण आणि अज्ञान एकाच रिकाम्या जागेत बसवलेलं आपल्याला चालेल का?