मॅकवर गेम का नाहीत? हा प्रश्न मी आधी चुकीचा विचारला होता

दिवाळीच्या थोडं आधी खामगावहून एका ज्युनिअरचा फोन आला. पेट पास झालाय, फेलोशिपची रक्कम एकदम खात्यात आलीये आणि आता लॅपटॉप घ्यायचाय. "दादा, मॅकबुक घेऊ का? बॅटरी भारी आहे म्हणतात. पण त्याच्यावर गेम चालत नाहीत म्हणे. एवढी मोठी कंपनी, तिला गेमचं काय वावडं आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. दुसरा प्रश्न मात्र मला अगदी ओळखीचा, कारण कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मी हाच विषय घेऊन तोंडावर आपटलो होतो. शीर्षक होतं 'ॲपलचे डेस्कटॉप गेमिंगकडे दुर्लक्ष : कारणमीमांसा'. गाईडनी पहिल्याच स्लाईडवर थांबवलं. "दुर्लक्ष कशावरून?" मी म्हटलं, सर, गेम नाहीत ना. ते म्हणाले, "गेम नाहीत हे निरीक्षण झालं. दुर्लक्ष हा निष्कर्ष आहे. तो तुम्ही शीर्षकातच टाकून मोकळे झालात."

तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल तर हे चटकन कळेल. धुऱ्यालगत एक पट्टी पेरायची राहते. बाहेरून आलेला पाहुणा म्हणतो, केवढी जमीन वाया चालली. पण औत वळवायला जागा लागते, गाडी न्यायला लागते. ती पट्टी दुर्लक्षित नसते, सोडलेली असते. आणि सोडलेली म्हटलं की विचारायचं ते वेगळं : कशासाठी सोडली, आणि त्यात गेलं काय? मॅकच्या बाबतीत मी हे विचारलंच नव्हतं. तेव्हा माझाच तो सेमिनार आज पुन्हा तपासतो. सिनॉप्सिस लिहिताना तुमच्याकडूनही हीच चूक होण्याची शक्यता बरीच आहे.

माझं पहिलं कारण होतं : मॅकचं मशीन गेमसाठी कमजोर. इंटेलच्या काळात यात तथ्य होतं, स्वस्तातल्या मॅकबुकमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसायचंच. पण २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली आणि ही अडचण बरीचशी सरली. कारण खरं असतं तर त्यानंतर गेमचा पूर यायला हवा होता. झालं उलटं. २०२३ मध्ये व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ काढला आणि त्यातून मॅकला वगळलं. म्हणजे मॅकच्या चिपा आधीपेक्षा कितीतरी बळकट असताना गेम गेला. दुसरं कारण होतं स्टीव्ह जॉब्ज यांना गेम आवडत नव्हते हे. ते मी एका ओळीत निकालात काढतो : ते २०११ मध्ये गेले आणि परिस्थिती तशीच राहिली. शिवाय १९९९ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये 'हेलो' हा गेम स्टेजवरून जगाला दाखवला तो त्यांनीच. वर्षभरात मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली आणि २००१ मध्ये हेलो एक्सबॉक्सचा हुकमी गेम झाला. मॅकवर आला तो २००३ च्या शेवटी.

तिसरं कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त फसवतं : मॅकवर खेळणारे थोडे, म्हणून गेम नाहीत. व्हॉल्व्हनेही हेच सांगितलं होतं, मॅकवरून खेळणारे एक टक्क्याहून कमी. आकडा खोटा नाही. पण खेळणारे थोडे का? कारण गेम नाहीत. हे कोंबडी आणि अंड्यासारखं आहे, आणि अशा गोल फिरणाऱ्या गोष्टीला कारण म्हणून उभं करता येत नाही. हे वर्तुळ तोडता येतं याचा पुरावा तर शेजारीच आहे. लिनक्सवर खेळणारे मॅकहूनही थोडे होते. व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, ज्यामुळे विंडोजचे गेम लिनक्सवर चालायला लागले, आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हे यंत्र काढलं. २०२३ मध्ये स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्स मॅकच्या पुढे गेलं. हिस्सा तेव्हा दोघांचाही एक-दोन टक्क्यांचाच होता, पण मुद्दा असा की तिथे कुणीतरी खिशातून पैसा घालून वर्तुळ तोडलं. ॲपलकडे पैसा काय कमी होता? मग प्रश्न येतो की तिने तो का घातला नाही.

इथून पुढे माझ्या सेमिनारमध्ये काहीच नव्हतं. आता जे लिहितोय ते नंतरचं शहाणपण.

गेम हा फोटोशॉपसारखा नसतो. फोटोशॉप बनवणारे लोक दरवर्षी त्यावर बसलेलेच असतात, सिस्टीम बदलली की तेही बदलतात. एकदा विकायचा गेम मात्र पूर्ण झाला की टीम उठते आणि पुढच्या कामाला लागते. दहा वर्षांनी तो चालावा असं वाटत असेल तर गेमने नाही, खालच्या जमिनीने जागेवर राहावं लागतं. मायक्रोसॉफ्टने हे किती मनावर घेतलं होतं त्याची गोष्ट प्रोग्रॅमर लोकांत प्रसिद्ध आहे. सिमसिटी या जुन्या गेममध्ये एक चूक होती : सोडून दिलेली मेमरी तो परत वाचायचा. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जायचं, विंडोज ९५ मध्ये गेम बंद पडायला लागला. चूक सिमसिटीची. पण मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोज ९५ मध्येच सोय केली की सिमसिटी चालू आहे असं दिसलं तर मेमरी लगेच सोडायची नाही. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली. विंडोजवर सगळंच जुनं चालतं असं नाही, १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. तरी वळण ते आहे.

ॲपलचं वळण बघा. १९९४ मध्ये प्रोसेसर बदलला, पॉवरपीसी आणला. २००६ मध्ये इंटेलवर गेली, आणि २०११ पासून पॉवरपीसीचे प्रोग्रॅम चालणं बंद. २०१८ मध्ये ओपनजीएल या ग्राफिक्सच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीला जुनी ठरवलं; तिच्या जागी आलेली व्हल्कन घेतली नाही, स्वतःची मेटल पुढे केली. २०१९ मध्ये कॅटालिनाने ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका झटक्यात बंद केले आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेले कितीतरी जुने गेम त्यांच्याच मॅकवर उघडेनासे झाले. २०२० मध्ये परत नवा प्रोसेसर. औत वळवायला एवढी जागा दुसऱ्या कुठल्याच कंपनीने ठेवलेली नाही.

आणि ज्युनिअरला आवडलेली ती बॅटरी? ती याच वळणातून आली. मागचं ओझं टाकता येतं म्हणूनच एम१ शक्य झाली. गेमवाल्यांना दिलेला शब्द पाळत बसली असती तर एवढी मोठी उडी एवढ्या लवकर घेणं अवघड होतं. मॅक विकत घेणारा माणूस बॅटरी, स्क्रीन, वजन बघून घेतो. वीस वर्षं जुना गेम चालतो का हे बघून नाही. तेव्हा ॲपलने काय सोडलं आणि कशासाठी सोडलं, दोन्ही समोर आलं.

इथे मी खूश होऊन थांबलो होतो. मग लॅबमधल्या एका मैत्रिणीने एकच प्रश्न विचारून हवा काढली : "आयफोनवर पण त्यांनी ३२ बिट बंद केलं ना? तिथे गेम कसे?"

बरोबर आहे. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये तिथेही जुने गेम असेच मेले. तरीही फोनवर गेमचा महापूर आहे. आपल्या जिल्ह्यात खामगाव घ्या, मलकापूर घ्या, मेहकर घ्या, पोरं खेळतात ती मोबाईलवरच. म्हणजे माझं कारण एकाच कंपनीच्या दोन यंत्रांवर लावलं आणि एका ठिकाणी फसलं. तुम्हाला असं विरोधी उदाहरण सापडलं तर ते तळटीपेत ढकलू नका. खरी माहिती बहुतेक वेळा तिथेच असते.

फोनवरचा गेम एकदा विकला जात नाही. तो फुकट उतरवता येतो आणि रोज थोडे थोडे पैसे काढतो. त्यामुळे त्याची टीम उठून जात नाही, सिस्टीम बदलली की गेमही बदलते. आणि त्या पैशातला वाटा, ३० टक्क्यांपर्यंत, ॲपलला मिळतो. एपिक विरुद्ध ॲपल खटल्याच्या सप्टेंबर २०२१ च्या निकालात कोर्टाने नोंदवलं आहे की ॲप स्टोअरच्या उत्पन्नातला सुमारे ७० टक्के भाग गेममधून येतो, आणि तो देणारे ग्राहक एकूण ग्राहकांच्या १० टक्क्यांहूनही कमी. ॲपल गेममधून पैसे कमावत नाही असं कोण म्हणतं? मॅकवर मात्र गेम स्टीमवरून घेतला तर ॲपलच्या हातात त्यातला एक रुपयाही पडत नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीचं एकूण उत्पन्न ३९१ अब्ज डॉलर, त्यात मॅकचा वाटा साधारण ३० अब्ज. या ३० अब्जासाठी वर्तुळ तोडायला पैसा घालायचा, चिप बदलण्याची मोकळीक गहाण टाकायची, आणि फायदा जाणार स्टीमला. तुम्ही घातला असता?

समोरच्या बाजूने, म्हणजे गेम बनवणाऱ्याकडूनही बघा. उदाहरण पुण्यातलंच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' बनवला. त्यांची किकस्टार्टरवरची मोहीम फसली होती, पैशाची ओढाताण होती. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरात विंडोज, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. पुढे नेटफ्लिक्समार्फत मोबाईलवरही. या यादीत मॅक नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगत नाही, पण हिशेब कुणालाही मांडता येईल. हातात मोजकी माणसं, चार जागी गेम न्यायचाय आणि पाचवी जागा अशी की खेळणारे थोडे, ग्राफिक्सची पद्धत वेगळी, आणि तीन-चार वर्षांनी परत दुरुस्तीला बसावं लागेल. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' आणला तोही अँड्रॉइड आणि आयफोनवर.

मग ॲपलने हा सौदा फायद्यात केला का? बहुतेक लेखांत इथे टाळ्या पडतात. मला तसं वाटत नाही, आणि माझी ज्युनिअरशी खरी चर्चा इथेच झाली.

पट्टी सोडताना तिच्यात पुढे काय उगवणार होतं ते तेव्हा दिसत नसतं. गेमसाठी बनलेल्या ग्राफिक्स कार्डांवर एनव्हिडियाने २००७ मध्ये कूडा ही प्रोग्रॅमिंगची सोय दिली. २०१२ मध्ये ॲलेक्सनेट नावाच्या मॉडेलने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं, आणि ते शिकवलं होतं दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. ही दुकानात मिळणारी गेमिंगची कार्डं! पोरांच्या गेमच्या पैशावर वाढलेलं यंत्र आज डीप लर्निंगच्या प्रत्येक लॅबमध्ये आहे. ॲपलने ओपनसीएल नावाची स्वतःची वाट काढली होती, तीही २०१८ मध्ये सोडली. त्याच वर्षीच्या मोहावेपासून एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना मॅकवर ड्रायव्हर मिळाले नाहीत आणि मॅकवर चालणारी कूडाची शेवटची आवृत्ती २०१९ ची. पुढे २०२२ मध्ये पायटॉर्चला मॅकच्या चिपचा आधार मिळाला, २०२३ मध्ये ॲपलने एमएलएक्स काढलं. चांगलं आहे, पण उशिरा. गेमचा हिशेब ॲपलने नीट मांडला होता असं मी मानतो. ग्राफिक्स कार्डाचा नाही.

चित्र थोडं हलतंय हेही नोंदवतो. २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिट आलं, जुलै २०२५ मध्ये सायबरपंक २०७७ मॅकवर आला. इंटेलचे प्रोग्रॅम चालवणारं रोझेटा बंद करताना, ज्यांची कुणी देखभाल करत नाही अशा जुन्या गेमसाठी त्याचा काही भाग ठेवू, असंही ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं. माझ्या मांडणीला हे सरळ सरळ टोचतं. मागचं ओझं टाकणारी कंपनी पहिल्यांदाच गेमसाठी थोडं ओझं ठेवते म्हणतेय. ते किती वर्षं ठेवते यावर माझी मांडणी टिकेल किंवा पडेल.

आता ज्युनिअरचं. त्याचा विषय आहे कापसाच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखणं. मी त्याला म्हटलं, गेमचं सोड, ज्या तीन-चार पेपरांवर तू काम उभं करणारेस त्यांचा कोड गिटहबवर उघड आणि इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये कूडा लिहिलंय का बघ. चारही ठिकाणी होतं. त्याचा विषय सर्व्हे आणि एसपीएसएसचा असता तर मी बिनधास्त मॅकबुक घे म्हटलं असतं.

त्याने एनव्हिडियाचं कार्ड असलेला लॅपटॉप घेतला. बॅटरी दोन तासही टिकत नाही म्हणतो, चार्जर घेऊनच फिरतो. आणि अभ्यासासाठी घेतलेल्या लॅपटॉपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 'गेमिंग' का लिहिलंय, हे वडिलांना अजून पटवून देतोय.