सात पुस्तके आणि एक विद्यार्थिनी : 'नीट'च्या स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांची चिकित्सा

मे महिन्यात आमची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढची दोन वर्षे इंग्रजीतून विज्ञान. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' पहिल्या खेपेस हुकली होती. शिकवणी वर्गाची फी घरच्यांना झेपणारी नव्हती, म्हणून वर्षभर घरीच अभ्यास करायचे तिने ठरवले होते. पिशवीतून तिने सात पुस्तके काढली. काही चुलतभावाची, काही जुन्या पुस्तकांच्या दुकानातली. "सर, यांतलं नेमकं कुठलं वाचू?" मी भाषेचा माणूस, विज्ञानातले मला काय कळणार, असे म्हणून सुटता आले असते. पण एखादे पुस्तक शिकवते की नुसते भरवते, एवढे तरी भाषेच्या शिक्षकाला ओळखता यावे. ती पुस्तके मी आठवडाभर ठेवून घेतली. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे.

परीक्षेचे स्वरूप प्रथम पाहू. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण होते. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ प्रश्न, जीवशास्त्राचे ९०. म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे, आणि ते प्रश्न बव्हंशी एन.सी.ई.आर.टी.च्या पाठ्यपुस्तकातील मजकुराला धरून येतात. त्यामुळे मूळ पुस्तक सोडून मार्गदर्शकाने आरंभ करणे हा उलटा प्रवास आहे. सातांपैकी तीन पुस्तके याच पाठ्यपुस्तकाच्या मजकुराचे तुकडे करून, चौकटीत घालून, ठळक टाइपात छापलेली होती. विद्यार्थिनीने ती तिन्ही अधोरेखित केली होती. मूळ पुस्तक मात्र कोरे!

अर्थात मूळ पुस्तकही निर्दोष नाही. जीवशास्त्राचे ते गद्य अतिशय आटोपशीर आहे. एकेका वाक्यात तीन-तीन व्याख्या कोंबलेल्या असतात. वर्गात शिक्षक ते वाक्य उलगडतो, फळ्यावर आकृती काढतो, हे गृहीत धरून ते लिहिलेले आहे. घरी एकट्याने वाचणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नाही. मग तो वाक्य पाठ करतो. प्रश्नातही तेच वाक्य किंचित फिरवून आले की पाठांतराला यश मिळते आणि सवय पक्की होते. हीच सवय भौतिकशास्त्रात आडवी येते, कारण तिथे वाक्य ओळखून भागत नाही.

भौतिकशास्त्रासाठी तिच्याकडे एच. सी. वर्मा यांचे 'कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' होते. दोन भागांचे हे पुस्तक १९९२ पासून विद्यार्थ्यांच्या हाती आहे आणि त्याची कीर्ती रास्त आहे. प्रत्येक प्रकरणात विवेचन, सोडवून दाखवलेली उदाहरणे, मग थोडक्यात उत्तर द्यायचे विचारप्रश्न, दोन प्रकारचे वस्तुनिष्ठ प्रश्न आणि शेवटी मोठा उदाहरणसंग्रह असा क्रम आहे. मला सर्वांत भावले ते विचारप्रश्न. रोजच्या पाहण्यातली साधी गोष्ट घेऊन लेखक विचारतो, हे असे का होते? वाचणारा थांबतो, कागद बाजूला ठेवतो, खिडकीबाहेर पाहतो. शिकवणारे पुस्तक याला म्हणावे. परंतु विद्यार्थी नेमके हेच पान उलटून उदाहरणसंग्रहाकडे जातात. तिथे उत्तर दिलेले आहे, रीत दिलेली नाही. रीत पुरवणाऱ्या स्वतंत्र पुस्तिका बाजारात मिळतात आणि त्या एकदा हाती आल्या की मूळ पुस्तकाचा उद्देशच संपतो. शिवाय 'नीट'मध्ये एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट मिळते. या परीक्षेपुरते बोलायचे तर सोडवलेली उदाहरणे, विचारप्रश्न आणि एकच पर्याय बरोबर असणारे वस्तुनिष्ठ प्रश्न एवढे नीट झाले तरी पुष्कळ आहे. संपूर्ण संग्रह सोडवायची जिद्द इंजिनिअरिंगवाल्यांना शोभते.

राहिली प्रश्नसंचांची जाडजूड पुस्तके. त्यांची पारख मी एकाच कसोटीवर केली. आपले चुकलेले एक उत्तर घ्यावे आणि मागचे स्पष्टीकरण वाचावे. उरलेले तीन पर्याय का चुकीचे, हे त्यात सांगितले आहे काय? एका पुस्तकात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी 'उत्तर ब' आणि पुढे पाठ्यपुस्तकातलीच ओळ, इतकेच होते. हजारो प्रश्न असूनही ते पुस्तक मुके आहे. दुसरे त्याहून पातळ, परंतु स्पष्टीकरणे प्रामाणिक. ते ठेवायला सांगितले.

जुन्या पुस्तकांबाबत सहकाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे. २०२२ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने पाठ्यक्रमाची छाटणी केली. अकरावीच्या जीवशास्त्राची प्रकरणे २२ वरून १९ झाली, बारावीची १६ वरून १३. 'नीट'चा अभ्यासक्रमही २०२४ च्या परीक्षेपासून बदलला. या मुलीने चुलतभावाच्या पुस्तकातून मनुष्याच्या पचनसंस्थेचे प्रकरण दोनदा पाठ केले होते. अकरावीच्या पुस्तकातून गळालेल्या प्रकरणांपैकीच ते एक. तिला हे कोणी सांगितले नव्हते. पुस्तक विकत घेताना मुद्रणवर्ष पाहावे, ही साधी गोष्ट आपण वर्गात कधी सांगतो?

आता भाषेचा प्रश्न, जो मला खरा जिव्हाळ्याचा वाटतो. 'नीट' मराठीत २०१७ पासून आणि उर्दूत २०१८ पासून देता येते. एन.सी.ई.आर.टी.ची पाठ्यपुस्तके इंग्रजी, हिंदी व उर्दूत निघतात, म्हणून उर्दूवाल्याला मूळ पुस्तक आपल्या भाषेत वाचता येते. मराठीवाल्याला ती सोय नाही. याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. परीक्षेच्या माहितीपत्रकानुसार उर्दू प्रश्नपत्रिका देशातील सर्व केंद्रांवर मिळते, मराठी मात्र महाराष्ट्रातील केंद्रांवरच. बेळगावात राहणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाने मराठी प्रश्नपत्रिका मागितली तर त्याला कोल्हापूर गाठावे लागते. आपल्या सीमाभागातील किती शिक्षकांना अर्ज भरण्यापूर्वी हे ठाऊक असते, कोण जाणे. आणि भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम, हा नियम सर्वच भाषांना लागू आहे.

म्हणून केवळ मातृभाषेतील पुस्तकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. उर्दूत जे 'जियाई तालीफ', ते मराठीत 'प्रकाशसंश्लेषण' आणि प्रश्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूला 'फोटोसिंथेसिस'. 'इसरा', 'त्वरण', 'ॲक्सिलरेशन' यांचेही तसेच. संकल्पना मातृभाषेत समजून घ्यावी, संज्ञा मात्र दोन्हीकडची यावी. बाजारात असे पुस्तक मला आढळले नाही. मुलीला मी एक दोनशे पानी वही दिली आणि समोरासमोरच्या पानांवर उर्दू व इंग्रजी संज्ञा लिहायला सांगितल्या. या कामात विज्ञानाच्या शिक्षकापेक्षा आपण भाषेचे शिक्षक अधिक उपयोगी पडू.

सातांपैकी दोन पुस्तके तिच्याकडे राहिली : वर्मांचे आणि ते पातळ प्रश्नसंच. त्यांत एन.सी.ई.आर.टी.च्या नव्या आवृत्तीची भर पडली. बाकीची पाच ती चुलतभावाला परत देणार होती. मीच अडवले, कारण त्याचा धाकटा भाऊ यंदा अकरावीत आहे.