वारकरी भजनातील चाल : सहगायनाच्या निकषावर

वारकरी भजनाविषयीचे बहुतेक विवेचन अभंगाच्या आशयापाशी थांबते. चालीचा विचार झालाच, तर तो मैफलीच्या मापाने होतो आणि मग दिंडीतील चाली मोजक्या स्वरांत घुटमळणाऱ्या, एकसुरी ठरतात. हा निर्णय अन्यायकारक आहे. कारण या चाली मुळात ऐकवण्यासाठी बांधलेल्याच नाहीत.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने वाखरीस येते. तेथे अन्य संतांच्या पालख्याही मिळतात. एकत्र तालीम कधीही न केलेले, दूरदूरच्या गावांचे टाळकरी मुक्कामावर किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात शेजारी उभे राहतात आणि भजन रंगते. याचे श्रेय प्रथम छंदाकडे जाते. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, तर लहान अभंगाच्या चरणात साधारणतः आठ अक्षरे असतात. त्यामुळे एक चाल शेकडो अभंगांना पुरते. मृदंगावर आठ मात्रांचा भजनी ठेका स्थिर असतो. ध्रुवपद पुनःपुन्हा येते ते केवळ भक्तीच्या आवेगाने नव्हे. उशिरा येऊन रांगेत उभ्या राहिलेल्यास चाल सापडावी, ही सोयही त्यात आहे.

अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताशी येथे तुलना करता येते. बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदातून आकारास आलेल्या या संगीताचा पहिला अनेक दिवसीय महोत्सव १९६५ मध्ये व्हर्जिनियातील फिनकॅसल येथे भरला. अशा महोत्सवांत मंचापासून दूर अनोळखी वादक घोळका करून वाजवतात, तेव्हा 'ओल्ड जो क्लार्क'सारख्या सर्वपरिचित धुनाच निवडल्या जातात. मात्र तेथे प्रत्येक वादक पाळीने आपले कौशल्य दाखवतो. दिंडीत एकाने उचललेला चरण सर्वांकडे परत येतो.

चित्रपटाच्या चाली शिरल्याने भजन बिघडले, ही तक्रार नेहमीची आहे. ती अपुरी वाटते. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले 'आधी बीज एकले' अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. चाल कोठून आली यापेक्षा ती किती जणांना गाता येते, हा प्रश्न महत्त्वाचा. खरी अडचण उलट दिशेने, प्रतिष्ठित बाजूने येते. पंडित भीमसेन जोशी यांच्या 'संतवाणी'ची थोरवी निर्विवाद आहे. परंतु तिचे सौंदर्य एका असामान्य कंठाच्या विस्तारावर उभे आहे. गावोगावची भजनी मंडळे तिचे अनुकरण करू लागतात, तेव्हा चरणाचरणाला आलाप आणि ताना येतात, पट्टी गायकाच्या सोयीने चढते, पेटी आणि ध्वनिक्षेपक त्याच्या मागे धावतात. स्पर्धेतील परीक्षकांना हे भावतेही. मागच्या रांगेतील टाळकरी मात्र दुसऱ्या चरणापाशी गाणे सोडतो आणि नुसता टाळ वाजवीत राहतो.