चौकोनी घरे, गोल झोपड्या

इनामगावच्या उत्खननाचा अहवाल वाचायला घेतला की मी आधी नकाशे उघडतो. मजकूर नंतर. एका नकाशात आयताकृती घरांच्या रांगा आहेत. दोन घरांमध्ये ये-जा करण्यापुरती जागा सोडलेली, चुली जागच्या जागी, अंगणात पेवांचे खड्डे. त्याच जमिनीच्या वरच्या थराचा नकाशा पाहावा, तर रांगा मोडलेल्या. तीन-चार लहान गोल झोपड्यांचे पुंजके इथे तिथे दिसतात. माणसे त्याच वंशाची, नदी तीच, गाव तेच. घराचा आकार मात्र बदलला. हवामान आणि माणूस यांच्या नात्यावर गेल्या काही वर्षांत जे लिहिले गेले, त्यातले फार थोडे या दोन नकाशांइतके बोलके आहे.

इनामगाव पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. सह्याद्रीने पाऊस अडवला की पूर्वेला जो कोरडा पट्टा उरतो, त्यातले हे गाव. पावसाचा भरवसा आजही नाही. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने 1968 साली खणायला सुरुवात केली आणि 1983 पर्यंत हंगामामागून हंगाम काम चालू ठेवले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नावाने 1988 साली अहवाल प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व 1600 ते 700 अशी नऊशे वर्षांची वस्ती त्यात उलगडते. सुरुवातीची दोनशे वर्षे माळवा संस्कृतीची, पुढची चारशे पूर्व जोर्वे आणि शेवटची तीनशे उत्तर जोर्वे. तांबे थोडे, गारगोटीची पाती भरपूर, लोखंड अजून यायचे होते. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा हा काळ.

या कामाचे मर्म त्याच्या पद्धतीत आहे. जोर्वे आणि नेवासे इथे सांकलियांनी आधी जे खणले, त्यातून मुख्यतः कालक्रम हाती आला: कोणती भांडी आधीची, कोणती नंतरची. त्यासाठी खोल, अरुंद खड्डा पुरतो. इनामगावला त्यांनी वेगळा प्रश्न धरला. हे लोक राहत कसे होते? त्याचे उत्तर अरुंद खड्ड्यात सापडत नाही. त्यासाठी थर आडवा उघडावा लागतो, घराशेजारचे घर, अंगणाशेजारचे अंगण दिसेपर्यंत. शंभराहून अधिक घरे या रीतीने उजेडात आली. कुडाच्या भिंतींचे उरते ते काय? खांब रोवलेल्या खळग्यांचे काळसर ठिपके आणि चोपलेल्या जमिनीचा कठीण थर. त्या ठिपक्यांवरून घराची हद्द काढायची आणि मग पुढच्या घराकडे सरकायचे, असे हे काम. अहवालाची भाषा कोरडी आहे. तिच्यामागे किती जणांची नजर आणि किती उन्हाळे आहेत, हे नकाशातल्या प्रत्येक ठिपक्यावर जाणवते.

मधला थर, म्हणजे पूर्व जोर्वे काळ, सुबत्तेचा. इथे वाचकाने रेंगाळावे. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी गावकऱ्यांनी दगडमातीचा बांध घातला होता, सुमारे 240 मीटर लांब आणि दोन मीटरहून अधिक रुंद. त्याला जोडून पाट खोदला होता, सुमारे 200 मीटर लांब, चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. तांब्याच्या मोजक्या हत्यारांनिशी, दगड आणि लाकूड वापरून साडेतीन मीटर खोल जाणे म्हणजे काय, याचा अंदाज विहीर खणलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला येईल. हे एका घराचे काम नव्हे. कुणीतरी माणसे जमवली असणार, कुणीतरी पाण्याच्या पाळ्या ठरवल्या असणार. शेतात मुख्य पीक जव. जोडीला गहू, मसूर, हुलगा, वाटाणा, लाख. रानातून बोरे आणि जांभळे. या सगळ्याचे दाणे आणि बिया जळून कोळसा झाल्या म्हणूनच टिकल्या.

वस्तीच्या मध्याजवळ पाच खोल्यांचे एक घर निघाले आणि त्याला लागून धान्याचे कोठार: पेवे आणि कणग्या ठेवायचे गोल ओटे. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. ढवळीकरांनी यावरून गावाला मुखिया होता आणि धान्याचा वाटा त्याच्याकडे जमा होत असे, असा तर्क मांडला. मला हा तर्क पटतो, पण त्याच्या मर्यादेसह. जमिनीत मुखिया सापडत नाही, मोठे घर सापडते. दुष्काळासाठी साठवण आणि सत्तेसाठी साठवण यांची पेवे दिसायला सारखीच असतात. काहीही असो, एका वर्षाचे जास्तीचे धान्य पुढच्या वर्षासाठी राखण्याची सोय या लोकांनी केली होती, हे उघड आहे. लहरी पावसाच्या मुलखात ही सोय पाटाइतकीच महत्त्वाची. कालवा आणि कोठार हे त्या चारशे वर्षांचे हवामानाला दिलेले उत्तर होते.

मग इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास चित्र पालटते. प्रवरेकाठची दायमाबाद आणि नेवासे ही मोठी गावे ओस पडतात. भीमेच्या खोऱ्यात मात्र काही वस्त्या तग धरतात. इनामगाव त्यांतले एक. वरच्या थरात गव्हाचा मागमूस जवळपास राहत नाही. हाडांच्या ढिगात गाईबैलांचे प्रमाण घटते, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीच्या हरणांचे वाढते. मातीची भांडी बघा: पूर्व जोर्वेची भांडी उत्तम भाजलेली, टिचकी मारली तर खणखणणारी, लालसर अंगावर काळ्या रेषांची नक्षी. उत्तर जोर्वेची आकाराने तीच, पण हात सैल पडलेला, पोत जाडाभरडा. घरे लहान आणि गोल. भटक्या जमातींच्या झोपड्यांशी ढवळीकरांनी त्यांची तुलना केली आणि म्हटले, शेतीचा भरवसा गेल्यावर हे लोक अर्धे भटके झाले. पावसाळ्यात गावात, एरवी कळपांमागे. कारण म्हणून त्यांनी वाढत्या कोरडेपणाकडे बोट दाखवले.

या मांडणीचे मोल समजायला तिचा काळ लक्षात घ्यावा. भारतीय पुरातत्त्वात तेव्हा संस्कृती बदलली की कुणीतरी बाहेरून आले, असे म्हणण्याची सवय होती. ढवळीकरांनी आक्रमकांना बाजूला सारले आणि पाऊस, माती, धान्य, जनावरे यांच्याकडे वळले. घराचा आकार, भांड्याचा पोत आणि हरणाचे हाड यांना त्यांनी एका सूत्रात ओवले. हे सूत्र देखणे आहे. पुढे मराठी वाचकांसाठी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहिणाऱ्या या माणसाला गोष्ट सांगता येत होती, आणि शास्त्रीय अहवालातही ती हातोटी लपत नाही.

पण सूत्राची कोरडेपणाची गाठ नंतर सैल झाली, आणि इथून पुढे हे प्रकरण मला अधिक मोलाचे वाटते. लोणार सरोवराच्या तळाशी साठलेल्या गाळाचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन काळ ठळकपणे उमटले आहेत. एक 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. इनामगावच्या गोल झोपड्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या दोन्हींच्या मधोमध पडतात. त्याआधी 2012 साली गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाचे निष्कर्ष आले होते. झाडांच्या पानांवरचे मेण नदीबरोबर वाहत जाऊन गाळात साठते आणि ती झाडे ओलाव्यातली होती की कोरड्या हवेतली, हे त्यावरून कळते. दायमाबाद आणि नेवासे ज्या प्रवरेवर, ती गोदावरीलाच मिळते, म्हणून हा पुरावा परका नाही. त्यात चार हजार ते सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत कोरडेपणा हळूहळू वाढताना दिसतो. म्हणजे इ. स. पूर्व 1000 ला आभाळ अचानक फाटले, असे दिसत नाही. पूर्व जोर्वेची भरभराटही वाढत्या कोरडेपणातच झाली. ज्या हवेने गाव मोडले म्हणतो, त्याच हवेत ते चारशे वर्षे बहरले होते.

मग बदलले काय? याचा शोध मुलांच्या हाडांतून घेतला गेला. इनामगावला दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांत मुलांची संख्या मोठी. दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून आत मूल ठेवायचे आणि घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरायचे, अशी रीत होती. आईबापांनी मुलाला उंबऱ्याच्या आत ठेवले, म्हणूनच ती कोवळी हाडे तीन हजार वर्षे राहिली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा आणि दातांचा बारकाईने अभ्यास केला. दाताचे कवच घडत असताना मूल आजारी पडले किंवा त्याला पोटभर मिळाले नाही, तर कवचात खोट राहते. हाड पुढे सावरते, दात सावरत नाही. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच मुलांच्या हाडांची वाढ तोवरच्या हवामान-पुराव्यासमोर ठेवून 2011 साली एक पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की एका दुष्काळाने गाव संपवले, ही गोष्ट फार सोपी आहे. हवामान, शेतीची पद्धत, जमिनीवरचा ताण आणि जन्म-मृत्यूचे गणित हे सगळे एकत्र वाचावे लागते.

मला यातून जे जाणवते ते असे. उत्तर जोर्वेला आपण सहज ‘ऱ्हास’ म्हणून मोकळे होतो. गोल झोपडी, जाडेभरडे मडके, रिकामे कोठार, म्हणून ऱ्हास. पण दायमाबादचे लोक गाव सोडून गेले आणि इनामगावचे टिकले, तेही आणखी तीनशे वर्षे. तीनशे वर्षे म्हणजे शिवरायांच्या निधनापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ. जव आणि हुलगा धरून ठेवायचा, गहू सोडायचा, बैलांऐवजी शेळ्या राखायच्या, जड घराऐवजी पटकन उभारता येईल अशी झोपडी बांधायची: हा हरलेल्यांचा नव्हे, ठरवून कमी केलेल्यांचा संसार वाटतो. त्याची किंमत मोठी होती आणि ती मुलांनी मोजली, हे विसरता येणार नाही. तरीही ऱ्हास हा शब्द मी मागे घेईन.

आणि एक गोष्ट त्यांनी मुळीच बदलली नाही. प्रौढ माणसाला पुरताना ते त्याची पावले घोट्यातून तोडत. मृताने घर सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये, म्हणून असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. जिवंत माणसे कळपांमागे फिरू लागली, तरी मेलेल्यांना त्यांनी घराखालीच खिळवून ठेवले. उत्तर जोर्वे काळातल्या एका चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात मांडी घातलेला एक पुरुष सापडला, सुमारे चाळीस वर्षांचा. त्याची पावले शाबूत. इतरांहून हा वेगळा का, याचे उत्तर मुखिया हेच बहुतेक अभ्यासक देतात. अन्न आणि घर बदलणारी माणसे मरणाच्या रीतीला हात लावत नाहीत, ही इनामगावची सर्वांत खोल नोंद. हवामानाशी जुळवून घेण्याच्या हिशेबात ती कुठेच बसत नाही, आणि म्हणूनच तो हिशेब माणसांचा वाटतो.

इनामगावचा अहवाल मोठा का, याचे माझे उत्तर सरळ आहे. त्यातले स्पष्टीकरण आज जसेच्या तसे उभे नाही, पण पुरावा पूर्ण उभा आहे. हाडे मोजून ठेवली, दाणे ओळखून ठेवले, प्रत्येक दफनाची जागा आणि थर नोंदवला, म्हणून दोन दशकांहून अधिक काळानंतर दुसऱ्या कुणाला त्याच पुराव्यावरून ढवळीकरांशी वाद घालता आला. स्वतःचे म्हणणे खोडता यावे इतकी सामग्री वाचकाच्या हाती देणे, हा संशोधकाचा सर्वांत मोठा प्रामाणिकपणा.

असा दुसरा वाचक मिळायला टेकाड मात्र जागेवर राहायला हवे. भीमा, घोड, प्रवरा, गोदावरी, तापी यांच्या काठी पांढरीची अशी कितीतरी टेकाडे आहेत. त्यांची राखाडी माती शेताला चांगली म्हणून ट्रॉल्या भरून उचलली जाते, घरांच्या पायासाठी आणि रस्त्यांसाठी कापली जाते. तुमच्या गावाशेजारी काळ्या नक्षीची लाल खापरे मिळणारे टेकाड असेल, तर तिथली माती उचलू देऊ नका. तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि खापर उचलून घरी नेण्याऐवजी जिथे आहे तिथेच राहू द्या.