समेआधीचा शब्द

विरारच्या पूर्वेला, चांदीपच्या बाजूला हळदीची रात्र रंगते ती बेंजो पार्टीवर. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात कधी शिरायचं हे म्होरक्या हात वर करून सांगतो. नाचणारे पेटलेले असतील तर तोच मुखडा पुन्हा पुन्हा वाजतो. पालघर जिल्ह्याला इशाऱ्याची ही कला नवी नाही. वारली नाचातही तारप्याचा सूर बदलला की पावलं बदलतात.

मोठ्या ऑर्केस्ट्रात आज हाच इशारा वायरीतून जातो. १९८३मध्ये आलेल्या मिडी या डिजिटल वाद्यभाषेमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. मिडीचं घड्याळ प्रत्येक बीटला २४ ठोके देतं. कीबोर्डवाल्याने एक बटण दाबलं की कीबोर्डचा आवाज बदलतो, दिवे बदलतात आणि गायकासमोरच्या टॅबवर पुढच्या कडव्याचे शब्द येतात. गाण्याच्या वह्या आणि चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या गायकांसाठी ही मोठी सोय आहे, यात शंका नाही.

अडचण वेळेची आहे. आपले कितीतरी मुखडे समेच्या दोन-तीन मात्रा आधी उचलले जातात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र हा इशारा, म्हणजे क्यू, सहसा बारच्या पहिल्या ठोक्यावर, म्हणजे समेवर ठेवला जातो. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदाची. तीन मात्रा आधी सुरू होणाऱ्या ओळीचे शब्द समेवर आले, तर गायक जवळजवळ दोन सेकंद आंधळा गातो. कराओकेत अक्षर गाताना रंगतं, ते हौशी गायकाला पुरतं. रंगमंचावरच्या गायकाला चालू ओळीचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच पुढची ओळ दिसायला हवी. मागच्या मोठ्या पडद्यावर, श्रोत्यांसाठी, तीच ओळ नेमक्या उच्चाराला हवी. म्हणजे एकाच ओळीचे दोन क्यू. बहुतेक ठिकाणी एकावरच भागवलं जातं, आणि ते गायकाला बाधतं.

त्याहून अवघड आहे ते गाण्याचं लांबणं. बालगंधर्वांच्या गाण्याला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष साथीला असत. ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा सुरू व्हायचं, आणि साथीदारांना गायकाचा श्वास ऐकून ठरवावं लागायचं. अभंगाच्या शेवटी गजर चढत जातो तेव्हाही तसंच. आधीच ठरवलेल्या टाइमलाइनला हे झेपत नाही. २०२१च्या एबलटन लाइव्ह ११मध्ये वाजवणाऱ्याच्या लयीमागे सॉफ्टवेअरचा वेग नेण्याची सोय आली. वेगाचा प्रश्न त्याने काही अंशी सुटतो. पण अंतरा आणखी एकदा घ्यायचा की मुखड्यावर परतायचं, हे त्याला कळत नाही.

म्हणून क्यू मिनिट-सेकंदांना बांधू नयेत, गाण्याच्या भागांना बांधावेत: मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक, पुन्हा मुखडा. पुढचा भाग केव्हा सुरू करायचा हे पायाखालच्या पेडलवरून माणसाने ठरवावं. ज्या ताफ्यांनी सगळा कार्यक्रम कानात वाजणाऱ्या ठरलेल्या ठोक्याला, म्हणजे क्लिकला, जुंपला आहे, त्यांची गाणी चोख वाजतात, पण समोरून दाद आली तरी त्यांना थांबता येत नाही. हा तोटा छोटा नाही.

मराठीपुरती आणखी एक उणीव आहे. मिडी फाइलमध्ये शब्दांसाठी जागा आहे, पण तिचा मूळ आराखडा साध्या रोमन मजकुराचा. त्यात लिहिलेल्या मराठी ओळींत ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ एकच होऊन बसतात. नवा गायक ते तसंच वाचतो, तसंच गातो. देवनागरी दाखवणारी अ‍ॅप आज सहज मिळतात. रोमन शब्दांवर भागवण्याचं कारण उरलेलं नाही.

सगळ्यात दुर्लक्षित आहे तो पडद्यावर शब्द सोडणारा माणूस. एलईडी पडद्यासाठी पैसा निघतो, पण याला अनेकदा थेट कार्यक्रमाच्या दिवशी बोलावलं जातं. त्याला ताल कळला पाहिजे, गाणी पाठ पाहिजेत. आयोजकांनी त्याला वादकांबरोबर तालमीला बसवावं, मानधन द्यावं आणि निवेदनात त्याचं नाव घ्यावं.