अधांतरी माणूस आणि खालची माती

मुळशी तालुक्यातील कोळवणला एका घरच्या ओसरीवर कुस्तीचे एक छायाचित्र पाहण्यात आले. एका मल्लाने प्रतिस्पर्ध्याची मान धरून ढाक डाव टाकला आहे, आणि तो दुसरा मल्ल पाय वर, डोके खाली अशा स्थितीत हवेत खिळून राहिला आहे. मागे नुसते आकाश. छायाचित्र घेणारा घरचाच नातू. त्याने ते मोठ्या उमेदीने दाखवले. आजोबा एके काळचे वस्ताद. त्यांनी ते उजेडाला धरून बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "आरं बाळा, माती कुठं हाय?"

हा प्रश्न मला कलासमीक्षेतला एक मूलभूत प्रश्न वाटतो. धावत्या काळाला क्षणभर थोपवून माणसाला अधांतरी दाखवणारे छायाचित्र आपल्याला नेमके काय देते, आणि त्या बदल्यात काय काढून घेते?

ते ज्ञान देते, याविषयी वाद नाही. घोडा भरधाव धावताना चारही पाय जमिनीवरून उचलले जातात की नाही, हे डोळ्याला ठरवता येत नव्हते. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने एका रांगेत १२ कॅमेरे मांडून ते दाखवून दिले. पाय उचलले जातात खरे. पण चित्रकार रंगवत आले त्याप्रमाणे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. तरीही शिल्पकार रोदँ याने चित्रकारांचीच बाजू घेतली. त्याचे म्हणणे असे, की प्रत्यक्षात काळ थांबतच नाही. म्हणून थांबलेला क्षण दाखवणारे छायाचित्रच खोटे, आणि ताणलेल्या पायांचा घोडा रंगवणारा जेरिको खरा. हा युक्तिवाद एकांगी आहे. तथापि त्यात एक मर्म आहे: गती म्हणजे एक स्थिती नव्हे, दोन स्थितींमधला संबंध होय.

छायाचित्रकाराला हा संबंध तोडण्याचा मोह का पडतो, याचे कारण निसर्गातच आहे. दीड फूट उंच उडी मारणारा माणूस सुमारे ०.६ सेकंद हवेत असतो, आणि त्यातला निम्मा वेळ तो उडीच्या वरच्या पाव भागात घालवतो. जमीन सोडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. तिथे १/६० सेकंदात अंग ५ सेंटिमीटर सरकते आणि चित्र फिसकटते. माथ्यावर मात्र वेग शून्यावर येतो. म्हणजे सर्वांत सोपा, सर्वांत स्वच्छ क्षण तोच. आणि वजनाचा मागमूस नसलेला क्षणही तोच.

फिलिप हाल्समन या छायाचित्रकाराने या क्षणाचे एक शास्त्रच केले. उडी मारताना माणसाचे लक्ष उडीकडे लागते, तोंडावरचा मुखवटा गळून पडतो, ही त्याची श्रद्धा. १९५९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमरपासून विंडसरच्या ड्यूकपर्यंत अनेक प्रतिष्ठित मंडळी उडाली आहेत. त्यातून स्वभाव दिसतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९४८ सालचे त्याचे साल्वादोर दालीचे चित्र पाहा. दाली हवेत, मांजरे हवेत, पाण्याचा लोट हवेत, खुर्चीसुद्धा हवेत. त्यासाठी २८ वेळा मांजरे फेकावी लागली. सर्वच वस्तू अधांतरी असल्यावर मात्र कोणीच पडणार नाही, अशी एक निर्धास्त अवस्था येते. आपण थक्क होतो. आपला जीव टांगणीला लागत नाही.

याच्या शेजारी कार्तिए-ब्रेसाँचे १९३२ सालचे पॅरिसमधील चित्र ठेवावे. सेंट लझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून एक साधा माणूस उडी घेतो आहे. त्याची टाच पाण्याला टेकायला बोटभरच अंतर उरले आहे. खाली त्याचे प्रतिबिंब त्याला भेटायला वर आलेले, आणि मागे भिंतीवरच्या जाहिरातीत एक नर्तिका तशीच झेपावलेली. जिच्यावरून त्याने उडी घेतली ती शिडी पाण्यात आडवी पडली आहे. म्हणजे आधीही आहे आणि नंतरही आहे. माणसाची आकृती धूसर आहे, पण त्याचे बूट भिजणार हे आपल्याला कळते, आणि त्या कळण्यातच चित्राचे सारे चैतन्य आहे.

कुस्तीच्या बाबतीत तर मातीवाचून अर्थच लागत नाही. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचा ढाक नावाजलेला होता. पण ढाक म्हणजे हवेतला देखावा नव्हे. पाठ जमिनीला लागणे हा त्या डावाचा आशय.

नातवाचे छायाचित्र फोनने घेतलेले होते आणि फोनने एका दमात अनेक चित्रे टिपली होती. ती सारी त्याने आजोबांपुढे धरली. कोळवणच्या त्या ओसरीवर मग खरी समीक्षा झाली. "हितं मानंवरची पकड ढिली झालीया बघ," असे म्हणत म्हाताऱ्याने आधी डावाचे दोष काढले. डोळ्याला न दिसलेले ते क्षण त्यालाही उपयोगी पडलेच. शेवटी त्याने बोट ठेवले ते वेगळ्याच चित्रावर. त्यात मल्लाचे पाय फिसकटले होते, खांदा मातीपासून वीतभर वर होता, आणि मागच्या गर्दीची तोंडे उघडी होती.

यंत्र आता क्षण थोपवण्याचे कष्ट घेते, तेव्हा निवड तेवढी माणसाकडे उरली आहे. नातवाने सर्वांत उंच क्षण निवडला होता, वस्तादाने सर्वांत जड. दुसरे चित्र कमी देखणे आहे, हे मलाही दिसते. पण त्याच्यापुढे मी श्वास रोखून उभा राहिलो.