‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ : केमोथेरपीजन्य न्यूरोपॅथीवरील ॲक्युपंक्चरच्या पुराव्याचे समीक्षण

बीजशब्द : केमोथेरपी, न्यूरोपॅथी, ॲक्युपंक्चर, आभासी उपचार, पुरावा

प्रस्तावना

मराठीत ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ हे दोन भिन्न अर्थांचे शब्दप्रयोग आहेत. ताप उतरलेल्या रोग्यास बरे वाटते. परंतु तापाचे मूळ कारण दूर झाल्याखेरीज तो बरा झाला, असे वैद्य म्हणत नाही. पूरक उपचारपद्धतींविषयीच्या लेखनात मात्र हा भेद फार सहजपणे पुसला जातो. कर्करोगावरील औषधांमुळे मज्जातंतूंना होणारी इजा आणि तिच्यावर केला जाणारा ॲक्युपंक्चरचा उपचार, हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘सुयांमुळे मज्जातंतू पूर्ववत होतात’ असा दावा एका बाजूने केला जातो, तर ‘हा केवळ मनाचा खेळ आहे’ असे म्हणून दुसरी बाजू विषय संपविते. उपलब्ध संशोधन या दोहोंपैकी कोणत्याही टोकाच्या विधानास पुरेसा आधार देत नाही. काही प्रमुख चाचण्यांच्या आधारे या दाव्यांचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विकाराचे स्वरूप

पॅक्लिटॅक्सेल व डोसिटॅक्सेल ही टॅक्सेन गटातील औषधे, सिस्प्लॅटिन व ऑक्सॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमयुक्त औषधे, तसेच व्हिन्क्रिस्टिन आणि बोर्टेझोमिब ही औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबरच मज्जातंतूंनाही बाधक ठरतात. टॅक्सेनमुळे तंतूंमधील सूक्ष्मनलिकांच्या कार्यात अडथळा येतो आणि पेशीपासून टोकापर्यंतची वाहतूक मंदावते. प्लॅटिनमयुक्त औषधे पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी पेशींनाच इजा करतात. सर्वांत लांब तंतूंना प्रथम झळ पोहोचत असल्याने लक्षणे पायांच्या व हातांच्या बोटांपासून सुरू होतात. मुंग्या येणे, बधिरपणा, जळजळ, थंड वस्तूचा स्पर्श असह्य होणे, ही ती लक्षणे होत. पोलक्याची बटणे लावणे, सुईत दोरा ओवणे, पायातील चप्पल निसटल्याचे कळणे, अशा साध्या गोष्टी रुग्णास कठीण होऊन बसतात.

सेरेटनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३१ अभ्यासांतील ४,१७९ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार केमोथेरपी संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के, तीन महिन्यांनी ६० टक्के आणि सहा महिने वा त्यानंतर ३० टक्के रुग्णांत हा विकार आढळला. या आकडेवारीवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. विकार व्यापक आहे, ही पहिली; आणि अनेकांच्या बाबतीत तो कालांतराने आपोआप ओसरतो, ही दुसरी. कोणत्याही उपचाराचे मूल्यमापन करताना ही दुसरी गोष्ट विसरून चालत नाही.

प्रचलित वैद्यकाची मर्यादा

ॲक्युपंक्चरकडे रुग्ण का वळतात, याचे उत्तर प्रचलित वैद्यकाच्या मर्यादेत आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या संस्थेच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा विकार टाळण्यासाठी कोणत्याही औषधाची शिफारस करता येत नाही. झालेल्या विकारातील वेदनेसाठी केवळ ड्युलोक्सेटिन या एकाच औषधास पुरेसा आधार आहे. त्या औषधाची २३१ रुग्णांवरील चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत औषध घेणाऱ्यांची सरासरी वेदना शून्य ते दहाच्या मापनपट्टीवर १.०६ अंकांनी, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांची ०.३४ अंकांनी कमी झाली. म्हणजे ज्यास सर्वमान्य उपचार म्हटले जाते, त्याचा लाभही माफकच आहे. ॲक्युपंक्चरवर टीका करताना ही वस्तुस्थिती दडविणे न्याय्य ठरत नाही.

उपचाराच्या चाचण्या

मज्जातंतू सुधारतात, या दाव्यासाठी हॅम्बुर्ग येथील श्रोडर आणि सहकाऱ्यांचा २०१२ मधील प्राथमिक अभ्यास महत्त्वाचा आहे. सुया टोचलेल्या ६ रुग्णांपैकी ५ जणांत, तर सुया न टोचलेल्या ५ पैकी एकाच रुग्णात मज्जातंतूंच्या वहनक्षमतेत सुधारणा दिसली. निरीक्षण लक्षवेधी आहे. परंतु अवघ्या ११ रुग्णांवरून, तेही आपोआप ओसरू शकणाऱ्या विकारात, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. नवे गृहीतक मांडण्यास असा अभ्यास पुरेसा असतो, निष्कर्ष काढण्यास नसतो. प्रचारकी लेखनात मात्र नेमकी हीच सीमारेषा ओलांडली जाते.

यापेक्षा मोठ्या चाचण्यांत वेदना व बधिरपणा यांविषयी रुग्णांनी स्वतः दिलेली माहिती केंद्रस्थानी आहे. हाँगकाँगमधील ८७ रुग्णांच्या २०१९ मधील चाचणीत, तसेच स्तनाच्या कर्करोगातून सावरलेल्या ४० स्त्रियांवरील बॉस्टन येथील २०२०च्या चाचणीत ॲक्युपंक्चर घेणाऱ्या गटाची स्थिती तुलनेने चांगली आढळली. बॉस्टन येथे आठ आठवड्यांत १८ वेळा उपचार देण्यात आले. परंतु दोन्ही ठिकाणी तुलनेचा गट केवळ नेहमीचे उपचार घेणारा किंवा प्रतीक्षेत ठेवलेला होता. आपल्याला उपचार मिळाला की नाही, हे प्रत्येक रुग्णास ठाऊक होते. अशा रचनेत सुईचा परिणाम कोणता आणि अपेक्षा, स्पर्श व नियमित विचारपूस यांचा परिणाम कोणता, हे वेगळे करता येत नाही.

हा भेद करण्यासाठी आभासी ॲक्युपंक्चरचा उपयोग केला जातो. श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्ये मांडलेली, टोचल्यासारखी भासणारी परंतु त्वचेत न शिरता मुठीत सरकणारी सुई, हे त्याचे एक साधन होय. न्यूयॉर्क येथील बाओ आणि सहकाऱ्यांच्या २०२०च्या चाचणीत ७५ रुग्णांचे खरे ॲक्युपंक्चर, आभासी ॲक्युपंक्चर आणि नेहमीचे उपचार असे तीन गट होते. आठ आठवड्यांनंतर वेदना अनुक्रमे १.७५, ०.९१ आणि ०.१९ अंकांनी कमी झाली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत खऱ्या ॲक्युपंक्चरचा लाभ स्पष्ट दिसतो. मात्र खऱ्या व आभासी सुईमधील अंतर एवढ्या लहान चाचणीतून सिद्ध होण्याइतके भक्कम नाही. जर्मनीतील २०१३च्या एका चाचणीत तर ६० रुग्णांमध्ये इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर हे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ॲक्युपंक्चरची शिफारस करण्याइतका पुरावा अद्याप नाही, असे २०२०च्या वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. मात्र प्राथमिक निष्कर्ष आशादायक असल्याने मोठ्या चाचण्यांची गरजही तेथे नोंदविली आहे.

प्रतिबंधाचा प्रश्न

झालेली वेदना कमी करणे आणि होऊ घातलेली इजा रोखणे, हे दोन वेगळे दावे आहेत. ग्रीनली आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी टॅक्सेन घेणाऱ्या ६३ स्त्रियांवरील चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. औषधोपचार चालू असतानाच दर आठवड्यास, बारा आठवडे, इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर देण्यात आले. बाराव्या आठवड्यात खऱ्या व आभासी गटांत फरक आढळला नाही. सोळाव्या आठवड्यात मात्र खऱ्या उपचाराच्या गटातील वेदना आभासी गटाहून अधिक होती. लहान चाचणीतील हा निष्कर्ष अंतिम मानता येणार नाही. तथापि ‘लाभ झाला नाही तरी तोटा तर नाही’ हे लोकप्रिय समर्थन किती ठिसूळ आहे, हे त्यावरून दिसते.

मान्यता आणि पुरावा

महाराष्ट्रात या प्रश्नास एक निराळे परिमाण आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे चिनी वैद्यकाविषयी मराठी मनात आपुलकी आहे. प्रत्यक्षात कोटणीस हे शल्यविशारद होते व १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांना दिले जाते. पुढे महाराष्ट्राने ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीविषयी २०१५चा अधिनियम केला आणि २०१९ मध्ये केंद्र शासनानेही या पद्धतीस मान्यता दिली. नोंदणी आणि प्रशिक्षण यांच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु उपचार कोणी द्यावा, हे कायदा ठरवितो. तो कोणत्या विकारात गुणकारी आहे, हे कायदा ठरवू शकत नाही. शासनमान्यता हाच पुरावा समजण्याची चूक सामान्य रुग्णाकडून सहज होऊ शकते.

या चुकीची किंमत मोठी आहे. मुंग्या वाढू लागल्यास कर्करोगतज्ज्ञ औषधाची मात्रा कमी करतात, औषध पुढे ढकलतात किंवा बदलतात. इजा मर्यादित ठेवण्याचा हाच प्रमुख मार्ग आहे. सुयांनी मज्जातंतू पूर्ववत होतील, असा विश्वास बाळगून रुग्णाने लक्षणे सांगितलीच नाहीत, तर न भरून येणारी इजा होऊ शकते. शिवाय केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटलेल्या असताना सुई टोचल्याने जंतुसंसर्ग वा रक्तस्राव यांचा धोका संभवतो. त्यामुळे उपचारकाने रक्ततपासणीचा अहवाल पाहणे आणि कर्करोगतज्ज्ञास कल्पना देणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

१) प्रस्थापित न्यूरोपॅथीतील वेदना ॲक्युपंक्चरने काही रुग्णांत कमी होते, असे मानण्यास प्राथमिक आधार आहे.

२) हा लाभ सुईचा की उपचाराच्या एकूण अनुभवाचा, हे अद्याप निश्चित झालेले नाही.

३) मज्जातंतू पूर्ववत होतात किंवा इजा टळते, हे दावे सिद्ध झालेले नाहीत.

४) लक्षणांची माहिती कर्करोगतज्ज्ञास वेळीच देणे, यास ॲक्युपंक्चर हा पर्याय नाही.

ज्या विकारावर खात्रीचे औषध नाही, तेथे रुग्णास बरे वाटणे ही क्षुल्लक बाब नव्हे. झोप लागणे, चार पावले निर्धास्त चालता येणे, यांचे मोल रुग्णच जाणतो. म्हणून ॲक्युपंक्चर घेऊ इच्छिणाऱ्या रुग्णाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. मात्र ‘बरे वाटेल’ एवढे सांगण्याइतका आधार असताना ‘बरे व्हाल’ असे आश्वासन देणे, ही त्याची फसवणूक ठरते. उपचारक, लेखक आणि अभ्यासक या सर्वांनी हा भेद जपणे, हीच या विषयातील किमान नैतिकता होय.